येळवसच्या आदल्या दिवशीची फवारणी

संदेश: ओरडू नको. ओरडलास की दुसरं बोट.

अनिरुद्ध: मोडलं रे... संदेश, खरंच मोडलंय. बघ ना, उलटं झालंय.

संदेश: दिसायलंय मला. बाकीची शाबूत हायत अजून. तोंड उघड.

अनिरुद्ध: मी दार उघडलं तुला मामेभाऊ म्हणून. काचीगुडा स्टेशनला उतरून चालत आला असशील, उपाशी असशील, म्हणून चहा ठेवायला निघालो. आणि तू कत्ती काढलीस? माझ्याच घरात?

संदेश: भाऊ हाईस म्हणून आत आलो. दुसरा कुणी असता तर उंबऱ्यातच घातला असतो. आता शेवटचं सांगायलो. तोंड उघड.

अनिरुद्ध: काय आहे त्या पिशवीत?

संदेश: ढाळा. हरभऱ्याचा. वळखत न्हाईस? एवढा मोठा शास्त्रज्ञ, तुरी-हरभऱ्याच्या अळीवर पगार खातोस, अन् ढाळा वळखत न्हाईस? बग, घाटे कसे टच्च भरल्यात. सोल आणि खा.

अनिरुद्ध: वास मारतोय त्याला.

संदेश: मारंल की. काल सांजच्याला फवारलो मी. तेच औषध, तेच माप, तू सांगलेलं. माझी लेक पिंकी जे खाल्ली तेच तुला आणलो. पाहुण्याच्या घरी शिळं कामून आणू?

अनिरुद्ध: वेडा झालास का? हे कच्चं खाल्लं तर मरेन मी!

संदेश: मरशील? कळायलंय की तुला. मंग फोनात कामून सांगला न्हाईस? खा!

अनिरुद्ध: थू... थू... सोड! मान सोड, श्वास नाही घेता येत...

संदेश: थुकलास? माझ्या अंगावर थुकलास? घे मंग. घे!

अनिरुद्ध: आई गं! दात... नक्को, संदेश, हात जोडतो. तोंडावर नक्को.

संदेश: तिचंबी तोंडच होतं. फेस येत होता तोंडातून. जीपमधी माझ्या मांडीवर होती. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली होती. पाय झाडत होती, एवढी झाडत होती की माझ्या बरगडीत लाथ बसली. सात वरसाच्या लेकराची लाथ. अजून दुखायलीय. आणि तू मातीला आला न्हाईस.

अनिरुद्ध: ऑफिसात काम...

संदेश: खोटं बोललास की मनगट मोडतो.

अनिरुद्ध: कळलं होतं मला! बस्स? आमच्या कंपनीच्या माणसाने गावातून फोन केला होता, की येळवस अमावस्येच्या आदल्या दिवशी तिकडे फवारणी झाली. हर्षवर्धन सर बोलले, जाऊ नको, गेलास तर कंपनीच्या गळ्यात येईल. कोणत्या तोंडाने येणार होतो मी?

संदेश: ह्याच तोंडानं यायचं होतं. तवा धड होतं.

अनिरुद्ध: माझं एकदा ऐक. मी विष विकत नाही रे. मी फक्त तारीख काढतो. सापळ्यात पतंग किती पडले, अमावस्या कधी, तुरीला फुलोरा कधी, सगळं मशीनमध्ये टाकतो, ते दिवस काढून गावागावात फोन लावतं. अळी अंड्यातून निघते ना, तेव्हाच मारावी लागते. एकदा शेंगेत घुसली की वरून कितीही मारा, तिला काही होत नाही. तुम्ही आधी काय करायचे? शेजाऱ्याचा पंप वाजला की पंप उचलायचे! सात-सात फवारे! माणसं रानात चक्कर येऊन पडायची. मी दोनवर आणलं. गावभर तूच सांगत फिरायचास.

संदेश: फिरलो की. माझा आतेभाऊ हैदराबादेत बसून अळीची जन्मवेळ सांगतो म्हणून पारावर छाती फुगवून फिरलो. घे, हे त्याचं.

अनिरुद्ध: आई... आई गं...

संदेश: आणि हे जातीनं सगळ्यांना तुझा नंबर दिलो त्याचं.

(कुलपात किल्ली फिरते. मालनबाई मंडईची पिशवी घेऊन दारात.)

मालनबाई: अनि, गॅस चालू ठिवून कुठं... अगं बाई! रगत! कुणाचं रगत हे? संदेश? तू कवा आलास? ती कत्ती खाली टाक आधी.

संदेश: आत्या, दाराला कडी घाल. न्हाईतर तुझ्या लेकाच्या मानेवर चालवतो.

मालनबाई: घालते. घालते, बाबा. घातली बग.

अनिरुद्ध: आई, शेजारच्या भाग्यलक्ष्मी आंटींना बोलव...

संदेश: बोलव की. त्या येईस्तोवर मुंडकं घरंगळंल.

मालनबाई: गप बसा दोघंबी! ती दारातच हाय, आवाज ऐकून आलीय... एमी लेदु, भाग्यलक्ष्मीगारू, काही न्हाई! कपाट सरकवायलेत पोरं! हौ, हौ, मी सांगते त्यांना हळू करा म्हणून... गेली. आता बोल, संदेश. माझा भाऊ गेल्यावर तुला मी लेकासारखं बघितले. बोल.

संदेश: पिंकीला ह्यानं मारलं.

मालनबाई: ह्यानं? हा तर हितंच होता. दवाखान्यात विषबाधा म्हनले ना?

संदेश: विषबाधाच. औषधाची. ह्याच्या मशीननं फवारायचा दिवस काढला, तो नेमका येळवसच्या आदला. गावानं फवारलं. मीबी फवारलो. सांजपत्तोर तूर, हरभरा, बांधावरचा वाल, पावटा, सगळं भिजवलो. दुसऱ्या दिवशी येळवस.

मालनबाई: अरे देवा.

संदेश: बाया भज्जीच्या भाजीला शेंगा तोडल्या. कडब्याची कोपी केलो, आत पाच दगडांचे पांडव मांडलो, निवद दाखवलो. भज्जी शिजायला येळ होता. लेकरं तवर रानात. पिंकी वरंब्यात बसून घाटे सोलून खात होती. ढाळा उपटायची, सोलायची, खायची. मला आणून दिली दोन. मी म्हनलो, तूच खा गं.

अनिरुद्ध: मग तू कैकू फवारलास, संदेश?

मालनबाई: अनि, गप.

अनिरुद्ध: नाही, मला मारून टाकू दे, पण सांगू दे त्याला. माझं मशीन येळवस ओळखत नाही. तू तर ओळखतोस! जन्मभर साजरी केलीस! दुसऱ्या दिवशी त्याच रानातलं तोडून त्याच रानात खायचं, हे तुला माहीत होतं ना? मग आदल्या दिवशी पाठीवर पंप कैकू घेतलास?

संदेश: तोंड बंद कर.

अनिरुद्ध: माहीत होतं ना?

संदेश: तोंड बंद कर म्हनलो!

मालनबाई: संदेश! पोटात नको रे मारू त्याला! संदेश, बस कर! मरंल तो! ...ये, हिकडं बग. माझ्याकडं बग. तो इचारला ते चुकीचं इचारला का? आपल्या गावात येळवस जवळ आली की पंप माळ्यावर जायचा. तुझा बाप तर पंप गोठ्यात बांधून ठिवायचा, कुणी मागायला नको म्हणून. मंग तू कामून केलास?

संदेश: तुझ्यामुळं.

मालनबाई: माझ्यामुळं?

संदेश: फोनात तुझा आवाज होता, आत्या. "रामराम, आज तुरीवर, हरभऱ्यावर फवारणी करा, अळी निघालीय." तूच बोललीस. गावात सगळे म्हनले, येळवस तोंडावर आली, आता कसं फवारायचं? मी म्हनलो, माझ्या आत्याचा आवाज हाय. आत्याला येळवस माहीत न्हाई का? लग्न होईस्तोवर तिनंच कोपी सारवली. ती म्हणायलीय फवारा, म्हणजे हे औषध खायला चालत असंल. नव्या जातीचं असंल. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर मी पंपाला हात लावलो नसतो.

मालनबाई: मी... मला काय ठाव रे कोणता दिवस! उन्हाळ्यात बोलून घेतला हा माझ्याकडून. ह्याच खोलीत, पंखा बंद करून, घामानं भिजले मी. "आई, आपल्याकडच्या लोकांना आपल्याकडचा आवाज पाहिजे" म्हनला. वाक्य मी बोलायचं, दिवस मशीन ठरवणार. आणि मी म्हनले की! सगळं म्हनले!

संदेश: काय म्हनलीस?

मालनबाई: "फवारल्यावर पंधरा दिवस शेंग तोडू नका. हिरवा घाटा खाऊ नका, लेकरांना रानात सोडू नका." तीन-तीनदा म्हनले. लेकराच्या जागी ह्यानं मुलं लिहिलं होतं, ते मीच बदलले.

संदेश: फोनात न्हवतं ते.

मालनबाई: होतं.

संदेश: न्हवतं, आत्या. "अळी निघालीय" म्हनलीस आणि फोन बंद झाला.

मालनबाई: अनि, हा काय म्हणायलाय?

अनिरुद्ध: लांब होत होतं, आई. लोक एवढं ऐकत नाहीत, अर्ध्यात फोन ठेवून देतात. सर बोलले, लहान कर, कामाचं तेवढं ठेव. मी शेवटचं कापलं. नंतर वेगळा फोन लावणार होतो त्याचा. राहून गेलं.

मालनबाई: राहून गेलं?

अनिरुद्ध: आई, मी मुद्दाम... आह!

मालनबाई: राहून गेलं? माझा आवाज घेतलास आणि माझी जीभ कापलास? आपल्या घरातलं लेकरू गेलं, तू पंधरा दिवस माझ्या हातचं गिळतोयस, आणि तोंडातून शब्द काढला न्हाईस?

अनिरुद्ध: आई, दात तुटलाय तिथेच मारलंस...

मालनबाई: तुटू दे!

संदेश: सरक आत्या. आता तूबी ऐकलीस. आता मला माझं काम करू दे. धर रे तोंड वर. हे सगळं खायचं. न्हाई खाल्लास तर गळा चिरून आत भरतो.

मालनबाई: थांब. ती पिशवी हिकडं आण.

संदेश: तुझं काय काम हाय त्यात?

मालनबाई: आण म्हनले ना. लोक ह्याचं ऐकले न्हाईत, माझं ऐकले. तूच म्हनलास आत्ता. मंग आधी मी खाते.

संदेश: आत्या, ठिव ते. आत्या! तुझं काय चुकलं... ए, चावू नको! थुक! आत्या, थुक!

अनिरुद्ध: आई! आई, नक्को!

संदेश: तोंड उघड! उघड तोंड! ...चावली बग हाताला. सोड, सोड ते! बोट घाल घशात. अनि, पाणी आण! बघत काय बसलास, पाणी आण!

अनिरुद्ध: माझा हात...

संदेश: दुसऱ्या हातानं आण की भाडखाऊ! आत्या, खाली वाक. काढ सगळं. हां. अजून काढ. गिळलीस का? खरं सांग, गिळलीस का?

मालनबाई: न्हाई... न्हाई गिळले. तुझं बोट होतं की तोंडात.

संदेश: चूळ भर. परत भर. साबण लाव हाताला. अनि, तो साबण दे. ओठाला लागलंय हिच्या. आत्या, मळमळतंय का? डोळे दाखव. माझ्याकडं बग. बाहुली दाखव.

मालनबाई: बरी हाय मी. रडू नको.

संदेश: मी न्हाई रडायलो.

मालनबाई: बरं, न्हाई रडायलास. बस हितं जमिनीवर. कत्ती कुठं टाकलास?

अनिरुद्ध: मोरीत पडलीय. राहू दे तिथेच.

मालनबाई: संदेश, एवढा ढाळा आणलास, एकट्या अनिसाठी?

संदेश: अर्धा ह्याला.

मालनबाई: आणि अर्धा?

संदेश: अर्धा मला. ह्याचं झालं की हितंच बसून खाणार होतो.

मालनबाई: आणि त्रिवेणी? बायकूला काय सांगून आलास?

संदेश: ती बोलतच न्हाई कुणाशी. चूल पेटवत न्हाई. शेजारच्या भाकरी आणून देतात. ताट तसंच राहतंय.

मालनबाई: तिला ठाव हाय, तू फवारलास?

संदेश: न्हाई.

मालनबाई: म्हणजे?

संदेश: त्या सांजला ती माहेराहून भावजयीला आणायला गेली होती. मी फवारून आलो, आंघोळ केलो, झोपलो. दवाखान्यात विषबाधा म्हनले तर गावातल्या बाया म्हनल्या, त्रिवेणीची आंबील बाधली. तांब्याच्या हंड्यात ठिवली रातभर, कळकली, म्हनल्या. तिला तेच खरं वाटायलंय. हंडा घेऊन गेली आणि हिरीत टाकून आली.

मालनबाई: आणि तू काय केलास?

संदेश: मी पंप धुऊन माळ्यावर ठिवलो.

मालनबाई: देवा रे.

संदेश: सांगणार होतो, आत्या. रोज सकाळी सांगणार होतो. ती माझ्याकडं बघून म्हनली, "माझ्या हातानं मारले मी लेकराला." मंग वाटलं, आधी अनिला मारावं, मंग आपण जावं. तिला काय कळायचं ते मागून कळंल.

अनिरुद्ध: आई...

मालनबाई: तू गप बस. तुझ्याशी मला बोलायचं न्हाई.

अनिरुद्ध: बोलावं लागेल, आई. उद्या सकाळी दुसऱ्या फवारणीचा फोन जाणार आहे.

मालनबाई: कुठं?

अनिरुद्ध: सगळीकडे. तिकडच्या सगळ्या गावांना. अळीची दुसरी पिढी निघतेय. तारीख मशीनने काढलीय, आत भरून ठेवलीय.

मालनबाई: परवा भोगी हाय.

अनिरुद्ध: हौ.

मालनबाई: भोगीच्या भाजीला लोक घाटे कुठून आणतील? पावटा, तुरीचे दाणे कुठून आणतील? रानातूनच ना?

अनिरुद्ध: म्हणून तर सांगतोय.

मालनबाई: बंद कर.

अनिरुद्ध: हर्षवर्धन सरांना विचारावं लागेल. एकदम बंद केलं तर तुरी जातील, आई. या आठवड्यात नाही मारलं तर अळी शेंगेत घुसेल. लोकांचं वर्ष जाईल. मग तेच लोक मला...

संदेश: जाऊ दे वरीस. पुढच्या साली परत पेरतील लोक.

मालनबाई: बंद कर, अनि. न्हाईतर ती कत्ती मी आणते मोरीतून.

अनिरुद्ध: करतो. लॅपटॉप सरकव जरा. डाव्या हाताने जमेल तसं करतो. ...थांबवला. उद्याचा थांबवला. आता फोन गेला नाही तर लोक आपल्या मनाने फवारतील, आई. गेल्या वेळचं पाहून अंदाजाने. काहीतरी सांगावं लागेल त्यांना.

मालनबाई: लाव मंग ते बोलायचं. मी बोलते.

अनिरुद्ध: लिहून देऊ?

मालनबाई: तुझं लिहिलेलं नको मला. सुरू झालं का? ...रामराम. मी मालनबाई बोलायलेय. भोगी होईस्तोवर कुणीबी तुरीवर, हरभऱ्यावर फवारू नका. जे फवारलेत त्यांनी रानातलं काही तोडू नका, खाऊ नका, बाजारात नेऊ नका, लेकरांना रानात सोडू नका. अळी खाईल तेवढं खाऊ द्या. मागच्या वेळी माझं हे बोलणं तुमच्यापत्तोर आलं न्हाई. येळवसला आमच्या घरातलं लेकरू गेलं. भोगीला तुमच्या घरातलं जाऊ नये. झालं. बंद कर.

अनिरुद्ध: आई, "लेकरू गेलं" राहू द्यायचं? सर नोकरीवरून काढतील मला. पोलीस येतील.

मालनबाई: एक अक्षर कापलास तर तू माझा न्हाईस.

अनिरुद्ध: ...पाठवला. आत्ताच पाठवला. सकाळची वाट नाही पाहिली.

मालनबाई: उठ. तोंड धू. संदेश, ह्याला खाली रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचंय. तिथं इचारतील कसं झालं. खरं सांगायचं. तू काय केलास तेबी, हा काय केला तेबी.

संदेश: सांगतो. मला आत टाकू द्या.

मालनबाई: ते नंतर. आधी फोन काढ तुझा.

संदेश: कुणाला लावू?

मालनबाई: कुणाला म्हणजे?

संदेश: आत्या, नको. मला जमायचं न्हाई. तू बोल तिच्याशी. तुझं ऐकती ती.

मालनबाई: माझं ऐकूनच एवढं झालं. ह्याचं बोट मोडायला हात होता ना तुला? लाव.

संदेश: काय सांगू मी तिला?

मालनबाई: लाव आधी. तोंडातून काय निघायचं ते निघंल.

संदेश: ...वाजायलंय. उचलणार न्हाई ती. कुणाचाबी उचलत न्हाई.

मालनबाई: वाजू दे.

संदेश: ...हालू. मी हाय. ...आत्याकडं, हैदराबादेत. ...न्हाई, जेवलो न्हाई. ...व्हय, येतो. लगेच जमंल का न्हाई सांगता येत न्हाई. त्रिवेणी, ऐक. फोन ठिवू नको. एवढं ऐक. तुझी आंबील चांगली होती.